भूगोलाच्या पाठाला लाइट गेली

बाई, काल नात खडवलीहून राहायला आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आजी, आईने आज नव्या टीचर लोकांची काय फजिती केली माहितीये? एकीचा पाठ चाललेला, प्रोजेक्टर लावलेला, आणि आईने शिपायाला सांगून मेन स्विच पाडला!" मी भाकरी थापत होते. हात तिथंच राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली. नात म्हणाली, "अगं, वास येतोय." मी म्हटलं, "येऊ दे, माझ्याकडे कधी चांगली मिळालीय तुला." तुमची ती युक्ती माझ्या लेकीने खडवलीच्या शाळेत नेली, नव्या मास्तरणींना तीच शिकवते, आणि मला ते नातीच्या तोंडून कळतं. म्हणून कागद घेऊन बसले. दुसरीपर्यंत शाळा बघितलेली बाई मी. माझं अक्षर म्हणजे अंगणात कोंबडी नाचून गेलेली. तुम्ही असतात तर चष्मा वर करून म्हणाला असतात, "मावशी, रेघेवर लिहा." रेघेवर कधी चालले का मी, की लिहीन?

डोंबिवलीच्या आपल्या शाळेत मी शिपाई, तुम्ही पर्यवेक्षिका. दर वर्षी थंडीत बी.एड.च्या पोरी पाठ द्यायला यायच्या आणि तुमच्या ताब्यात असायच्या. नवी कोरी साडी, खांद्यावर सतरा पिना, काखेत तक्त्यांची गुंडाळी. वरच्या खोलीत ते ओव्हरहेड प्रोजेक्टर नावाचं यंत्र आलेलं. खाली दिव्याची पेटी, वर मान वाकवलेला आरसा. प्लास्टिकच्या कागदावर रंगीत पेनाने काढलेलं भिंतीवर हे एवढं मोठं दिसायचं. खिडक्यांना काळे कागद मीच चिकटवलेले. पोरी त्या यंत्रावर लट्टू. तुम्ही त्यांना म्हणायचात, "हे यंत्र मुलांना दोन मिनिटं गप्प बसवतं. उरलेला तास तुम्हाला काढायचाय." मग एकीने शिकवायचं आणि बाकीच्यांनी बाकांवर बसून पोरं व्हायचं. कोण मांजराचा आवाज काढतेय, कोण पुढचीची वेणी ओढतेय. आणि ऐन रंगात तुम्ही चष्मा काढून पदराने पुसायला घेतलात की मी बाहेर मीटरच्या फळीजवळ मेन स्विच पाडायची. माझ्या अख्ख्या नोकरीतलं सगळ्यात आवडीचं काम ते! आत एकदम मिट्ट काळोख. एखादी किंचाळायची, एखादी डस्टर आपटायची, एक तर सरळ रडत बाहेर आली आणि माझ्याच गळ्यात पडली. तिला काय माहीत, लाइट घालवणारी हीच म्हणून.

मग तुम्ही त्यांना समजवायचात. लाइट गेली की आधी बोलायचं नाही. फळ्याजवळ जायचं, खडू हातात घ्यायचा आणि मनातल्या मनात शुभंकरोती म्हणायची, अख्खी. "पोरं अंधाराला ओरडतात, तुम्हाला नाही. त्यांचं ओरडून होऊ द्या. मग बोला, पण इतकं हळू की ऐकायला त्यांना गप्प व्हावंच लागेल." मी चहा गाळता गाळता खदाखदा हसायची. म्हटलेलंसुद्धा तुम्हाला, "बाई, माझी आय बाजारात मासळी विकायची. ती अशी हळू बोलली असती तर बोंबील टोपलीतच कुजले असते." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "ती विकत होती, मावशी. आपल्याला विकायचं नाहीये." मला ते तेव्हा कळलं नाही. शिकलेल्यांची थेरं, म्हणून सोडून दिलं.

आणि मग त्याच पोरींत माझी लेक आली. खाडीकाठच्या आमच्या आळीतली बी.एड. करणारी पहिली पोर. पहिल्या दिवशी फाटकाशीच मला म्हणाली, "आई, शाळेत मला हाक मारू नको." मी म्हटलं, "मग काय म्हणू? मॅडम?" तर म्हणते, "काहीच म्हणू नको." मी रागाने ठणाठणा घंटा बडवली त्या दिवशी. पण ती हुशार, हे तुम्हीच मला सांगितलंत. भूगोलाची जागा रिकामी होणार होती. "शेवटचा पाठ चांगला झाला की संस्थेच्या लोकांपुढे मी शब्द टाकते," असं तुम्ही चहाच्या खोलीत म्हणालात, आणि मी तुमच्या कपात साखर दोनदा घातली. घरी वीज गेली की लेक चिमणी लावायला उठायची नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहायची, ओठ हलायचे. मी विचारलं, "भूत बघितलंस कं काय गो?" म्हणाली, "प्रॅक्टिस करतेय." सरावात तिच्या पाळीला मी स्विच पाडला तेव्हा दाराच्या फटीतून बघितलं. खांबासारखी उभी राहिली, मग हळूच बोलायला लागली आणि बाकावरच्या पोरी गप्प झाल्या. तुम्ही शाबास म्हणालात. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं, बाई. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

परीक्षेच्या पाठाला खरी आठवीची पोरं. मागे बाहेरून आलेले परीक्षक, त्यांच्या शेजारी संस्थेचे एक गृहस्थ, कडेला तुम्ही. लेक खाडी शिकवतेय. भिंतीवर आमचीच खाडी, तिवरं हिरवी, मिठागरं पांढरी, आणि मधोमध एक होडी. ती होडी माझ्या बापाची, नांगराच्या दोरासकट. मी पाण्याची तांब्या-भांडी ठेवून बाहेर आले ती दारापाशीच थांबले. आणि लाइट गेली. तुम्ही चष्मा काढला नव्हता, मी फळीला हात लावला नव्हता. खरीच गेली. पोरांनी "ओऽऽऽ" करून गिल्ला केला, बाक बडवले, शिट्ट्या मारल्या. माझी लेक गप्प. मी वाट बघतेय, आता बोलेल, मग बोलेल. ती गप्पच. माझ्या डोक्यात एकच, पोर घाबरली, जागा गेली, एवढ्या वर्षांचं शिक्षण गेलं. मी दार ढकललं आणि माझ्या आयच्या आवाजात ओरडले, "ए मेल्यांनो, गप! एकेकाला सोलून सुकत घालीन!" वर लेकीला, "आणि तू काय गो, बाहुलीसारखी उभी? तोंड उघड की!"

वर्ग चिडीचूप. दारातून व्हरांड्याचा उजेड आत पडलेला, त्यात लेक फळ्याजवळ उभी दिसली. हातात खडू होता. ओठ हलायचे नुकते थांबत होते. पुढच्या बाकावरच्या एका पोरीने हळूच विचारलं, "टीचर, या तुमच्या कोण?" लेक माझ्याकडे बघत म्हणाली, "शाळेतल्या मावशी आहेत." मग मला, अगदी तुम्ही शिकवलेल्या त्या हळू आवाजात, "दार लावून घ्या, मावशी." मी लावलं. लावता लावता ऐकलं, परीक्षक तुम्हाला म्हणत होते, "वर्ग सांभाळायचं काम तुम्ही शिपाईणबाईंकडे दिलंय वाटतं," आणि संस्थेचे गृहस्थ हसत होते. लेकीने खडूने फळ्यावर खाडी काढून पाठ पुरा केला. चांगला केला असणार. मला दाराबाहेर काही ऐकू आलं नाही.

मधल्या सुट्टीनंतर तुम्ही चहाच्या खोलीत आलात. मी स्टोव्हला पिन मारत होते. मला वाटलं, ओरडाल. मी उत्तर तयारच ठेवलेलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मावशी, ती थांबली होती. अडली नव्हती." मी पिन आपटून म्हटलं, "तुमची ती थेरं तुम्हालाच लखलाभ! गप्प बसली ना पोरं? कोणामुळे बसली?" तुम्ही वळून वर्गाकडे गेलात. चहाही घेतला नाहीत. जागा दुसरीला मिळाली. तुम्ही शब्द टाकलात, तो खाली पडला, हे मला कारकुनाकडून कळलं. लेक पास झाली आणि खडवलीला लागली, तिकडचंच सासर बघितलं. मी काय केलं? माफी नाही मागितली. पुढच्या थंडीत नव्या पोरी आल्या, तुम्ही चष्मा पुसायला घेतलात, आणि मी फळीजवळ उभी राहून तुमच्याकडे न बघितल्यासारखं केलं. आत पाठ चालू राहिला. तुम्ही जरा वेळ थांबलात, मग चष्मा परत घातलात. पुन्हा कधी ते काम मला सांगितलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा शाळेला सुट्टी दिली. सगळे स्मशानात गेले, मी मागे राहून खोल्या झाडल्या. काम होतं, असं सांगितलं. काम कुठलं, झाडलेल्याच खोल्या पुन्हा झाडल्या.

लेक सणाला येते, सुकट घेऊन जाते, माझी औषधं बघते. त्या दिवसाचं ती कधी बोलली नाही, मीही नाही. तिच्या शाळेत चल म्हणून ती मला म्हणत नाही, आणि मी विचारत नाही. जिला लिहायला हवं ती जिवंत आहे, खडवलीला आहे, आणि तिला वाचताही येतं. तुम्हाला लिहितेय कारण तुम्ही उलट बोलणार नाही. एवढीच माझी हिंमत. नातीने आत्ता विचारलं, "आजी, काय लिहितेस?" मी म्हटलं, "तुझ्या लग्नाला कोणाला बोलवायचं नाही ते." हसत गेली. हा कागद उद्या सुकटीच्या पुडीला लागेल.

एक मात्र राहिलं, बाई. लेकीचं तोंड दिसायच्या आधी, वर्ग चिडीचूप झाला ना, तेव्हा मला बरं वाटलेलं. छाती अशी भरून आलेली. वाटलं, बघा, बी.एड. न करता! एवढा मोठा वर्ग माझ्या एका आवाजावर बसला. त्या दिवसाची लाज वाटतेच, पण अजून कधी एकटी असले की तेवढी ती शांतता आठवते, आणि बरं वाटतं.