ऑथराइझ

मंगळवार, संध्याकाळ

चहा गार झाला. कशात मन लागत नाही.

कुंभारी गावातल्या माझ्या साक्षरता वर्गाच्या नरसाक्का आज मुलाला घेऊन आल्या. पेन्शनचं काम यापुढे तोच बघणार, म्हणून बँकेसाठी इंग्रजीत पत्र हवं होतं. मी सवयीनं लिहून टाकलं, आय ऑथराइझ माय सन. त्यांनी अर्थ विचारला. म्हटलं, तुमच्या जागी सही करायचा अधिकार तुम्ही त्याला देताय.

"बरं," म्हणाल्या.

जन्मभर अंगठाच उठवलेली बाई. विड्या वळायला बसतात तशा पाठ वाकवून बसल्या आणि ओठ आवळून एकेक अक्षर काढलं. वर्षभर वहीत गिरवलेली सही पहिल्यांदाच खऱ्या कागदावर. मला अभिमान वाटला. वाटला, खोटं कशाला लिहू?

अर्थ तर मी नीट सांगितला होता. मग ते आवळलेले ओठ का डोळ्यांसमोरून हलत नाहीत?

मुलगा कागदाची घडी घालून पुढे गेला. त्या दारात थांबल्या.

"बाई, आता म्होरली सही कुटं करायची?"

आणि मी म्हटलं, "वहीत करा की."

वहीत.