फेट्याखालची मान

अण्णा, तुमच्या खोलीचं दार आतून लावून बसलो आहे. दुपारची वेळ आहे. ओट्यावर, अंगणात, पार रस्त्यापर्यंत माणसं बसली आहेत आणि चहाचं पातेलं सकाळपासून गॅसवरून खाली आलेलं नाही. मी जरा पडतो, असं हिला सांगून आत आलो. नगराध्यक्ष झोपलेत म्हटलं की लोक आवाज खाली आणतात, आणि थोड्या वेळानं ते विसरून पुन्हा मोठमोठ्यानं बोलायला लागतात. उद्या सकाळी मिरवणुकीनं जालन्याला जायचं आहे, लोकसभेचा अर्ज भरायला. तुमचा मुलगा खासदारकीला उभा राहतोय. हे वाक्य लिहून पाहिलं तरी ते दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल असावं असं वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी साधा नगरसेवकही नव्हतो, त्यामुळे तुम्हाला बरंच सांगायचं राहिलंय. नगरपालिकेचं काम मला येतं, अण्णा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. सकाळी स्कूटर काढायची, कुठल्या गल्लीत पाणी सुटलं, कुठली नाली तुंबली, बाजारात भाजीवाल्या बायकांना कुणी उठवलं का, हे बघत हिंडायचं. लोक शिव्या देतात, पण तोंडावर देतात, आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या पोराच्या बारशाला आपण पेढा खात असतो. खालच्या गल्लीला आजवर नळ नव्हता. ती पाइपलाइन मी मंजूर करून आणली. गल्ली निम्मी खोदून झाली आहे, निम्मी बाकी आहे. माझा उपाध्यक्ष तीच लाइन गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगकडे वळवायला टपून बसलाय, कारण ती प्लॉटिंग त्याच्या मेहुण्याची आहे. मी खुर्चीवर आहे तोवर त्याला हात लावता येत नाही. मी उठलो की चार दिवसांत पाइप तिकडे गेलेले दिसतील. मी ठरवलं होतं की खालच्या गल्लीत पाणी येईपर्यंत कुठंही जायचं नाही, आणि हे तिथल्या बायकांना चौकात उभं राहून सांगितलंही होतं.

मग एक दिवस साहेब आले. साहेब म्हणजे आमच्या पक्षाचे जिल्ह्यातले सगळ्यात मोठे पुढारी. त्यांचा हात खांद्यावर पडला की माणसाला आधी बरं वाटतं आणि मग जड वाटायला लागतं. दिल्लीत आता मातीतली माणसं पाहिजेत, असं ते म्हणाले. तुझ्या अंगावर डाग नाही, तुझ्या नावाला कुणी विरोध करणार नाही, असंही म्हणाले. मी पाइपलाइनचं काढलं तर ते हसले आणि खासदार झाल्यावर अशा पन्नास पाइपलाइन आणशील म्हणाले. मी विचार करून सांगतो म्हणालो. आमच्या राजकारणात याचा अर्थ हो असा घेतात, हे मला माहीत होतं. म्हणून रविवारच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर हात जोडून नाही म्हणायचं, असं मी पक्कं ठरवलं. हिला तसं सांगितलं. हिनं नुसतं बरं म्हटलं आणि पोळी लाटत राहिली.

आता तुम्हाला कुंभार पिंपळगावचा तो दिवस आठवतो का बघा. तुम्ही कापडाच्या दुकानात नोकरीला, पण पंचक्रोशीत तुमची ओळख फेटा बांधणारे म्हणून. लग्न असो, सत्कार असो, कुणाची निवड असो, तुम्हाला बोलावणं यायचं, आणि तुमच्या सोबत दुकानाचे मालक, म्हणजे आमचे चाचा, कापडाचा गठ्ठा घेऊन यायचे. तुम्ही दोघं रस्त्यानं चाललात की लोक हसायचे, मीनार आणि ओटा चाललेत म्हणायचे. तुम्ही इतके बुटके की तुमच्यासमोर नवरदेवाला वाकावंच लागायचं. त्याचाच तुम्ही पुढं नियम करून टाकलात. ज्याला फेटा बांधायचा त्यानं आपणहून मान वाकवली पाहिजे, नाहीतर तुम्ही कापडाला हात लावणार नाही. आई म्हणायची, उंची कमी म्हणून नियम मोठा केलाय. तुम्हाला ते आवडायचं नाही.

पिंपळगावला त्या दिवशी सरपंच बिनविरोध करायचा होता, आणि शाळकरी मीही तुमच्यासोबत आलो होतो. देवळासमोर सगळं गाव जमलेलं, वाजंत्री तयार, ताटात गुलाबी फेटा. ज्याला सरपंच करायचं ठरलं होतं तो मधल्या वयाचा शांत माणूस. तुम्ही फेट्याचं टोक तोंडात धरून त्याच्यासमोर उभे राहिलात, आणि तो ताठ उभा राहिला. पहिल्यांदा लोकांना वाटलं त्याच्या लक्षात आलं नाही. कुणीतरी मागून त्याची मान दाबायला हात घातला तर तुम्ही तो हात झटकलात. मग सगळ्या गावासमोर तुम्ही कापडाची घडी घातली, ताटात ठेवली आणि त्याला नमस्कार केलात. आपल्याला कुणी जेवायलासुद्धा थांबवलं नाही. परतीच्या एसटीत मी भुकेनं कुरकुरत होतो आणि चाचा, गावानं किती अपमान केला, असं काहीतरी म्हणत होते. तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "त्यानं मान वाकवली न्हाई. मंग म्या कसा बांधू? त्याला तोंडानं बोलता येत न्हवतं, मानेनं बोलला." एवढं बोलून तुम्ही झोपी गेलात. तो माणूस पुढं आयुष्यभर शेतीच करत राहिला, आणि मला वाटतं सुखात राहिला.

रविवारी मेळावा मंगल कार्यालयात होता. मी शेवटी बोलणार होतो आणि बोलायचं ते दोनदा तोंडात घोळवून गेलो होतो. पण साहेबांनी भाषणं मधेच थांबवली आणि आधी सत्कार करू म्हणाले. बघतो तर ताट घेऊन चाचा. तुमच्यानंतर आता तेच बांधतात. साहेबांनी त्यांना सकाळीच बोलावून घेतलं होतं, आणि कशासाठी ते सांगितलं नव्हतं. हॉल उभा राहिला, माझ्या नावाच्या घोषणा सुरू झाल्या, ओळीनं मोबाइल वर झाले. चाचांनी कापडाचं टोक हातात घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. ते जवळ आले, माझा शर्ट नीट केल्यासारखं केलं आणि कानाशी बोलले, "बेटा, नक्को बोलना है तो गर्दन सीधी रख. मैं घडी करके वापस ले जाता. तेरे बाप ने सिखाया मेरे कू."

आणि मी मान वाकवली.

फेटा बांधून होईपर्यंत मी खालीच बघत होतो. साहेबांच्या पायातल्या चपला दिसत होत्या, नव्या कोऱ्या. डोकं वर काढलं तेव्हा अंगावर गुलाल होता आणि माइकवरून उमेदवार म्हणून माझं नाव पुकारून झालं होतं. त्यानंतर मी बोललो, पण काय बोललो ते मला सांगता येणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा जेवायला न थांबता निघून गेले.

तेव्हापासून हे असं चाललंय. घरातून एकटं बाहेर पडता येत नाही. स्कूटर कुणीतरी कोपऱ्यात लावून तिच्यावर कापड घातलंय. मी कुठं बसायचं, कुणाच्या घरी चहा घ्यायचा, हे पक्षानं मुंबईहून पाठवलेली दोन पोरं सांगतात आणि मी त्यांना हो म्हणतो. काल हट्टानं खालच्या गल्लीत गेलो. मागं चाळीस माणसं आणि एक कॅमेरा. खोदलेल्या चरात पोरं खेळत होती. एका म्हातारीनं मला ओवाळलं आणि ताट खाली ठेवून विचारलं, "लेकरा, दिल्लीहून नळ सोडता येतो का रे?" सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही, उत्तराची वाट बघत उभी राहिली. मला तिथून पुढं नेण्यात आलं.

काल जेवताना मी हिच्याजवळ सगळं काढलं. साहेबांनी मला कसं कोंडीत पकडलं, आधीच फेटा आणून ठेवला, बोलूच दिलं नाही, मी काय करणार होतो, इतक्या लोकांसमोर. तिनं सगळं ऐकून घेतलं. तुम्हाला तुमची सून माहीत आहे, ती वाद घालत नाही. माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "तुम्हाला न्हाई म्हणायचं आसतं तर तुम्ही म्हणले आसते. आता चाचाला तरी तोंड दाखवून या." मी तिच्यावर चिडलो आणि भात तसाच टाकून उठलो. चाचांकडं अजून गेलेलो नाही. गेलो तर मागं चाळीस माणसं येतील, असं स्वतःला सांगतो.

फेटा इथंच आहे, तुमच्या खुंटीवर, बांधलेला तसाच. चाचांनी इतका नीट बांधलाय की उद्या नुसता डोक्यावर ठेवायचा. आता दार वाजतंय. साहेबांचा फोन आलाय म्हणतात. हा कागद कुठं पाठवायचा नाही, त्यामुळे निदान एवढं तरी खरं लिहून उठतो. मी लोकांना सांगतो, स्वतःलाही सांगतो, की तुमची शिकवण म्हणून, वडीलधाऱ्यांचा मान म्हणून, सवयीनं मान खाली गेली. पण तुमच्यासमोर लोकांना वाकावं लागायचं, कारण तुमचा हात पुरत नव्हता. चाचा आजही माझ्याहून हातभर उंच आहेत, अण्णा. मला वाकायची काही गरजच नव्हती.