थंड आणि हवेशीर

६ मे

गाडीच्या डिकीत एक बाटली निघाली. निळी, गुडघ्याएवढी, जड. शहाद्याचा मेकॅनिक भरत स्टेपनी काढायला वाकला आणि दोन पावलं मागे सरला. "मॅडम, ही नायट्रसची बाटली. रेसवाले लावतात. गाडी सणकन सुटते."

मी अजून तिसऱ्या गिअरच्या वर गेलेले नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, सुरतेहून जुनी घेतली – रंग आवडला म्हणून. आधीचा मालक शर्यती लावायचा, हे रंगावरून कळत नाही.

भरत हात लावायला तयार नाही. "उन्हात नको, बंद गाडीत तर नकोच. आतला दाब वाढला की तोंडाशी असलेली सेफ्टीची चकती फुटते. सगळा गॅस बाहेर." आधीच्या मालकाला फोन केला. नवनीत. "बेन, रविवारी येऊन लई जाईश." कुठल्या रविवारी, ते नाही सांगितलं.

७ मे

चव्वेचाळीस अंश. बाटली न्हाणीघरात. माठाला गुंडाळतात तसं ओलं पोतं गुंडाळलं. आंघोळ करताना तिच्याकडे पाठ केली नाही.

८ मे

पोतं तासाभरात वाळतं. पेपर तपासणी सोडून कॉलेजातून दोनदा घरी आले, पाणी शिंपडायला. विभागप्रमुखांना सांगितलं, घरात आजारपण आहे. कुणाचं, असं त्यांनी विचारलं नाही. मी एकटी राहते हे त्यांना माहीत आहे.

बाटलीवरच्या स्टिकरचा फोटो काढून बारीक इंग्रजी वाचलं. थंड जागी ठेवा. लोणखेड्यात, मे महिन्यात!

९ मे

घरमालक लोटनआप्पांनी प्रश्न सोडवला. घरामागे त्यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे – जुनी लहान खोली, जाड दार, खिडकी नाही. "मन्हं चेंबर शे ना, मॅडम. सोळा डिग्री. तठे ठेवी द्या. केळी काय बोलाव नही."

कोपऱ्यात क्रेटमागे उभी केली, सुतळीने खिळ्याला बांधली. घट्ट बंद आहे ना, म्हणून वरची चावी फिरवून पाहिली. ती दोन्हीकडे फिरते. मग होती तशी केली. साधारण.

तीन रात्रींनी झोप लागणार.

११ मे

रविवार. नवनीत आला नाही.

बाटली पाहायला चेंबरकडे गेले. फुलीबाई आत होती, खाली बसून क्रेट निवडत. धडगावकडची. चार वर्षं आप्पांकडे केळी निवडते. मला पाहिलं आणि हसायला लागली. "ताई, तुमची बाटली..." पुढे बोलताच येईना. भिंतीला टेकून हसत राहिली.

मला राग आला. दारातूनच परतले. घरी आल्यावर वाटलं, बरोबर आहे तिचं. गॅसच्या बाटलीला रोज भेटायला जाणारी प्राध्यापिका मी पाहिली असती, तर मीही हसले असते. तरी आरशासमोर जाऊन केस नीट केले.

१२ मे

आप्पांनी फुलीबाईला काढलं. वजनकाट्याजवळ, सगळ्या मजुरांसमोर. मी तिथेच होते, केळी घ्यायला गेलेली. ती म्हणत होती, "थेंब नाही घेतला, आप्पा." चेंबरचं दार धरून उभी होती. आप्पा माझ्याकडे वळले. "सकायमाच दारू पी येल शे ती. हासी ऱ्हायनी, झोका खाई ऱ्हायनी. दोन क्रेट पाडात."

मी मान हलवली. कशाला हलवली? समोरचा बोलला की मी मान हलवते. सभांमध्ये उपयोगी पडतं.

१३ मे

पेपर संपले. रिकामपणी स्टिकरचा फोटो पुन्हा मोठा केला. वाक्य लांब आहे. थंड आणि हवेशीर जागी ठेवा. बंद खोलीत ठेवू नये. गळती झाल्यास गुंगी येते, श्वास कोंडू शकतो.

बावीस वर्षं मुलांना सांगते, वाक्य शेवटपर्यंत वाचा. मी पहिलं विशेषण घेतलं आणि निघाले.

मग शोधलं. हाच वायू दातांचे डॉक्टर हुंगायला देतात. माणसाला हसू येतं. तोल जातो.

पळत गेले. चेंबरचं दार सताड उघडून अर्धा तास बाहेर उभी राहिले. पंखे बंद केल्यावर कोपऱ्यातून बारीक आवाज ऐकू आला. चावी मीच सैल सोडली होती. घट्ट केली, बाटली ओढत मोकळ्यावर नेली, गोठ्याच्या सावलीत.

त्या कोपऱ्याशी फुलीबाई तीन दिवस बसत होती.

१४ मे

आप्पांना सांगितलं. ओट्यावर, चहा घेताना. वाक्य अर्धं वाचणाऱ्या बाईंची गोष्ट रंगवून सांगितली. स्वतःवर विनोद केला की सांगणं सोपं जातं. आप्पा पोट धरून हसले. "जाऊ द्या मॅडम. शिकेल माणूसनी बी चूक व्हस. तिले बलाई लेतस."

दुसरा कप घेतला. मोकळं वाटलं.

१५ मे

संध्याकाळी फुलीबाईच्या खोलीवर गेले. डोकं दोन दिवस ठणकत होतं म्हणाली. आता बरं आहे. भाकरी थापत होती. मी माफी मागितली आणि गोष्ट सुरू केली – कालचीच, विनोदांसकट. तिने थापणं थांबवलं.

"मला कशाला सांगता, ताई? मी प्याले नव्हते, ते मला माहीत आहे. त्यांना सांगा."

"आप्पांना सांगितलं मी. काल, चहाला."

"मला काय चहाला बोलावून काढलं होतं? काट्याजवळ सांगा. सगळे असतात तेव्हा."

म्हटलं, उद्या आठ वाजता. तू ये. ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

१६ मे

सांगितलं. आठ वाजता, काट्याजवळ, अकरा माणसांसमोर. विनोद केला नाही.

फुलीबाई आली नव्हती. बुधवारीच तिने सारंगखेड्याला दुसऱ्या चेंबरात काम धरलंय, असं त्या अकरांपैकी एकीने सांगितलं. आप्पांचं काम तिला नकोच होतं.