ओट्यावरची सुरी

४ जाने., रवि.
आईने आज पुन्हा ताट सरकवलं. बोंबील होते, वंदनाने बाजारातून साफ करून आणलेले. "पोट नीट काढलेलं न्हाय. मना नको." वंदनाने भांडी तेवढी आपटली. बायकोचं बरोबर. पण आईचंही... गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जमिनीवर बसायचं नाही, म्हणजे विळी बंद. जन्मभर स्वतः कापलेली मासळी खाल्लेली बाई. विळी उचलून ओट्यावर ठेवली तर मलाच झापलं. पाय देऊन दाबायची वस्तू शेगडीशेजारी? सरकतेही मेली. बाजारातली सुरी आणली, ती "हलकी हाय" म्हणत तिने कांद्याबटाट्याच्या टोपलीत टाकली.
उभ्याने कापायची सुरी मीच करणार. बोटींची इंजिनं खोलण्यात जन्म गेला, एक सुरी होणार नाही?

८ जाने., गुरु.
आज वार, घरात मासळी नाही, म्हणून शांतता. पुठ्ठ्यावर आकार काढला. मुठीसाठी आईचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. "सुरी नको, गुडघा दे," म्हणाली.
भंगारात ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पोलादी पाटा मिळाला. लाल करून राखेत पुरलाय, नरम व्हायला.

११ जाने., रवि.
पाटा कापला, घासला. पुठ्ठ्याशी काही संबंध उरलेला नाही. वंदना येऊन बघून गेली. "उलथनं छान झालंय." पुन्हा कानस घेऊन बसलो, खांदा भरून आलाय. रेवसहून फोन, बोटीचं इंजिन तापतंय म्हणून. उद्या येतो सांगितलं. धंदा सोडून हे उद्योग.

१४ जाने., बुध.
वाटोळं झालं. पातं कडक व्हायला त्याला पाणी पाजायचं होतं. आमच्याकडे कोयत्याला खाडीचंच पाणी पाजतात. बाबा तेच करायचे, आजोबाही. मी भरतीचं पाणी कळशी भरून आणलं. पातं लालबुंद केलं, बुडवलं आणि टिंग! धारेपासून पाठीपर्यंत चीर.
शेजारचे दामूकाका म्हणे, "खारं पानी वाईट कसं असंल? लोखंडच हलकं तुझं." हलकं नाही हो काका. ट्रकच्या पाट्याला तेवढा गार धक्का सोसत नाही, तेल लागतं. हे मला माहीत होतं! तरी कळशी घेऊन गेलो, कारण बाबा जायचे. रागाने पातं कुंपणापलीकडे भिरकावलं. मग जाऊन उचलून आणलं, कुणाच्या पायात जाईल.

१८ जाने., रवि.
दुसरं पातं. या वेळी इंजिन ऑइलमध्ये विझवलं. चीर नाही, पण जरा वाकलं. ठिसूळ राहू नये म्हणून मंद भाजावं लागतं, ते वंदनाच्या केकच्या ओव्हनमध्ये भाजलं. ती देवळात गेली होती. आली तेव्हा घरभर जळक्या तेलाचा वास, आणि उद्या तिची वाढदिवसाच्या केकची ऑर्डर. "तुमच्या आईची सुरी आणि माझा ओव्हन!" पुढचं लिहीत नाही.

२१ जाने., बुध.
आई दोन घास खाऊन उठते. मनगटं बारीक दिसायला लागलीत, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. भीती वाटते मला. रागही येतो. वंदनाने कापलेलं खाल्लं तर काय बिघडतं? विचारलं. "तुला न्हाय समजनार." नाहीच समजत.

२५ जाने., रवि.
बाभळीची मूठ, पितळेचे खिळे. शेवटचा खिळा ठोकताना मूठ चिरली. भुसा नि गोंद भरून बुजवली. धार लावली. कागद कापते, माझा अंगठाही कापला. देखणी नाही. पण सुरी आहे.

२८ जाने., बुध.
पापलेट आणलं. आईला ओट्याशी उभं केलं. तिने सुरी हातात घेऊन तोलली. "जड हाय. बरी हाय." मला एवढं बरं वाटलं! मग माशावर ठेवली, दाबली. मासा सटकून सिंकमध्ये. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "अगं, सुरी पुढे ढकल ना!"
"मासा ढकलायचा अस्तो. सुरी न्हाय." डोळे भरले तिचे.
तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विळी जागची हलत नाही. हात मासा घेऊन पात्याकडे जातात. तिने आयुष्यात पातं कधी हलवलेलंच नाही, आणि मी गाढव पंजा मापत बसलो.
डोळे पुसून म्हणाली, "तू धर. धार माझ्याकडं. हालवू नको." मूठ दोन्ही हातांनी ओट्यावर दाबून धरली, पातं उभं. तिने मासा धारेवर घातला. पोट, कल्ले, तुकड्या, झरझर. तिची बोटं धारेपासून केसभर लांब. "थरथरतंस कशाला? विळी कवा थरथरते?"
पोटभर जेवली. वंदनाच्या ताटात मधली तुकडी स्वतः वाढली.

१ फेब्रु., रवि.
रोज मीच धरतोय. सुरी करायला निघालो आणि स्वतःच विळी झालो. सुरी ओट्याला शिकंज्याने आवळून बघितली, ओट्याचा दगड तडकला. आता वंदना त्यावरून बोलत नाही माझ्याशी.
परवापासून श्रीवर्धनला काम, दोन-तीन दिवस मुक्काम. नाही म्हणता येत नाही, आधीच गिऱ्हाईक तुटायला आलंय. आईने मंगळवारी बांगडे आणायला सांगितलेत. ती धरलेल्या सुरीशिवाय कापणार नाही, आणि कापल्याशिवाय जेवणार नाही.
शेवटी वंदनाला विचारलं, "तू धरशील?"
तिने पदराला हात पुसले. "धार त्यांच्याकडे करून? आईंना विचारा आधी."
आईला विचारलं. तिने वंदनाच्या हातांकडे पाहिलं.
"हात हालला तर?"
एवढंच. नको म्हणाली नाही.