झाडांची सोय

२ मार्च
पंप चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळाला. दुकानदाराने विचारलं, कोणती वायर कुठे लावली होती ते लिहून ठेवलंय का? नव्हतं. एकतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलांच्या वह्या तपासल्या आणि माझीच नोंद नाही! म्हणून ही वही.

उद्देश: मी महिनाभर लेकीकडे गेले की गॅलरीतल्या चौदा कुंड्यांना आपोआप पाणी मिळावं. मागे इथे आली होती तेव्हा ती म्हणाली होती, ये गं आई, पण तुझ्या झाडांचं काय? अडचण तेवढीच. बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

निरीक्षण: छोटा पंप थेट बोर्डाच्या पिनेला जोडला. पंप ढिम्म. बोर्ड तापला, वास आला. माल कच्चा.

३ मार्च
दुकानदार म्हणतो, मॅडम, माल कच्चा नाही. पिन नुसता हुकूम सोडते, पंप ओढायचा दम तिच्यात नसतो. मध्ये रिले घाला, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर चालणारं बटण. मला शिकवतो! म्हटलं, ठाऊक आहे. नवा बोर्ड आणि रिले घेऊन आले.

५ मार्च
रिले टक करतो, पंप गुळगुळतो, तोच बोर्ड मान टाकतो. पुन्हा सुरू, पुन्हा टक. दहा मिनिटं हेच. बोर्ड आणि पंप एकाच यूएसबीवर पोसत होते. पंपाला वेगळा अडॅप्टर हवा. दुकानदाराने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या अगदी ओठांवर होतं.
लेकीला फोन केला. मीटिंगमध्ये होती.

९ मार्च, सकाळी ८.१०
यश! पंप बरोबर तीस सेकंद चालला आणि थांबला.

८.४०
पंप थांबला, पाणी थांबेना. बादली स्टुलावर, कुंड्या खाली. सायफन. दरवर्षी शिकवत होते.
खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. वाळत घातलेल्या चादरी भिजल्या होत्या. भांडली नाही. म्हणाली, अहो, एवढा खटाटोप कशाला? किल्ली ठेवून जा, मी घालीन की पाणी. ठणकावलं, मला कुणाचे उपकार नकोत. ती गेल्यावर लक्षात आलं, चहा विचारायचा राहिला.

१३ मार्च
बादली जमिनीवर. चार दिवस चाचणी, एकही चूक नाही. खुर्ची टाकून समोरच बसते. रिले टक करतो तेव्हा कुणीतरी दाराची कडी काढल्यासारखं वाटतं. (हे निरीक्षणात बसत नाही. खोडणे.)

१४ मार्च
लेकीला सांगितलं, झाडांची सोय झाली, तिकीट काढते. ती मग म्हणाली, आई, तू उतरतेस ती खोली आम्ही ऑफिसला घेतली ना, सांगितलं होतं तुला. उन्हाळा संपला की बघू.
म्हणजे उन्हाळ्यानंतर नक्की. तोवर टायमर सुधारता येईल.

१६ मार्च
शेजारीण तीन आठवडे मुलाकडे चालली आहे. त्याने स्वतःच तिकीट पाठवलं. चाचरत विचारत होती, तुमचं ते यंत्र माझ्या कुंड्यांना चालेल का? तिच्या बॅगेचं चाकही मोडलंय.
माझ्या झाडांना मी आहेच. या वेळी चहा केला.

सुपूर्द केलेल्या वस्तू: बोर्ड एक. रिले एक. पंप एक. अडॅप्टर एक. नळी दोन मीटर. सूचनांचा कागद एक (बादली जमिनीवरच ठेवणे). चाकांची बॅग एक, रिकामी करून.