दगड पाणी पितो

मंगळवार, ४ मार्च. दुपारी ३ वाजून २० मिनिटं.

'भ'ची गाठ कोरत होतो. तिसरी ओळ — 'प्रभूमध्ये विसावले'. शपथ घेऊ नये असं शिकलोय म्हणून घेत नाही, पण माझा हात हलला नव्हता. तरी टवका उडाला. गव्हाच्या दाण्याएवढा. गाठीच्या मधे खड्डा!

कबरीचा हा माझा पहिला पूर्ण दगड. चार वर्षं नुसतं घासलं आणि पुसलं. मामा म्हणाले होते, "हा नीट उतरला तर एक तारखेपासून अक्षरं तुझी. पगारही कारागिराचा." कारखाना मामांचा, शब्दही त्यांचाच.

आणि दगड कुणाचा, तर शाळेतल्या बाईंच्या यजमानांचा. ज्या बाईंनी मला सातवीपर्यंत शुद्धलेखन शिकवलं, त्यांच्या. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण वेलांट्या सुटल्या नाहीत.

भुकटीने पाहिलं. भुकटी म्हणजे आमचा पॉलिशवाला, भुवयांपर्यंत दगडाची पूड असते म्हणून हे नाव. म्हणाला, "भाचेसाहेब, असा चेहरा करू नका, दगडाला कळेल." राळेत त्याच दगडाची पूड कालवली, खड्ड्यात भरली, अंगठ्याने दाबली. "उद्या वाळली की पुन्हा कोर. तुझ्या मामालाही ओळखू येणार नाही. आणि मी शिकलो कुणाकडून? मामाकडूनच."

बुधवार, ५ मार्च.

गाठ पुन्हा कोरली. बोट सतरा वेळा फिरवलं. खरंच कळत नाही.

संध्याकाळी धूळ जावी म्हणून दगडावर पाणी ओतलं. सगळा दगड काळा झाला आणि 'भ'च्या पोटात एक फिकट दाणा तसाच राहिला. डोळ्यासारखा. दहा मिनिटांत दगड वाळला, दाणा दिसेनासा झाला.

भुकटी म्हणाला, "दगड पाणी पितो, राळेची भरणी पीत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला दगड कोरडाच दाखवायचा."

"आणि पावसात?"

"पावसात कबरस्थानात कोण जातंय गड्या? चार-पाच वर्षांनी भरणी गळून पडते. तोवर रडणाऱ्यांचे डोळेही वाळलेले असतात."

गुरुवार, ६ मार्च.

बाई दगड तपासायला आल्या. चष्मा पुसला. वह्या तपासायच्या तसं प्रत्येक अक्षराखालून बोट नेलं. 'भ'खालूनही. मग म्हणाल्या, "एकही चूक नाही. दहापैकी दहा."

शाळेत त्यांनी मला कधीच दहा दिले नव्हते. फार तर नऊ. मामांची छाती फुगली. मी पाणी प्यायला आत गेलो आणि न पिताच बाहेर आलो.

शुक्रवार, ७ मार्च.

मामांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "टवका कुणाचा उडत नाही? भरणं म्हणजे दुरुस्ती. तिला लबाडी म्हणत नाहीत."

"मग बाईंना सांगू का? दुरुस्ती केलीय म्हणून?"

मामांनी हातोडी खाली ठेवली. "सांग की. नवा दगड तुझ्या पगारातून. आणि अक्षरं विसरायची. बस घासत."

मामा रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचतात. आवाज चांगला आहे.

घरी आईला सांगितलं. आई लोकांचे कपडे इस्त्री करते. आम्ही राहतो ती मागची खोली मामांची, भाडं घेत नाहीत. आई म्हणाली, "दादाने आपल्याला छप्पर दिलंय रे. एवढ्याशा दाण्यासाठी..." एकच कॉलर दोनदा इस्त्री केली.

शनिवार, ८ मार्च.

प्रार्थना केली. काय करू, असं विचारलं. उत्तर आलं नाही. ते मला आधीच माहीत होतं, म्हणून आलं नसेल.

रविवार, ९ मार्च. दुपारी १२.

उपासना सुटल्यावर बाईंच्या मागे मागे त्यांच्या दारापर्यंत गेलो. तीनदा घसा खाकरला. म्हणालो, "बाई, माझे दहा परत घ्या."

त्यांना वाटलं मला बरं नाही. आत बोलवत होत्या. मी उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं — टवका, राळ, पाणी. (मामा काय म्हणाले ते सांगितलं नाही. ती माझी कबुली नव्हे.) त्यांनी चपला पायातच ठेवल्या. "चल, दाखव."

किल्ली माझ्याकडे असते. कारखाना उघडला, तांब्याभर पाणी ओतलं. दाणा दिसला. दगड वाळून दाणा नाहीसा होईपर्यंत बाई उभ्या राहिल्या. मी स्टूल दिलं, बसल्या नाहीत.

"म्हणजे मला कधीच कळलं नसतं."

"नाही."

"मग का सांगितलंस?"

उत्तर पाठ करून गेलो होतो. पळालं. म्हणालो, "तुमचं बोट त्याच्यावरून गेलं आणि मी गप्प बसलो."

बाई दगडाकडे बघत म्हणाल्या, "हे बस चालवायचे. कशाला जरा घासलं गेलं तरी बस थांबवून उतरून बघायचे. आतले लोक ओरडायचे, आधी पोचवा म्हणून. हे म्हणायचे, ओरडा, पण मला बघू दे." मग पदराने चष्मा पुसला. "नवा दगड कर. घाई करू नकोस. त्यांना आता वेळापत्रक नाही."

दारातून वळून म्हणाल्या, "सध्या सात. बाकीचे तीन नव्या दगडावर."

घरी येताना मी रस्त्यात चक्क शीळ घातली. मला शीळ येत नाही.

सोमवार, १० मार्च.

मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. घासायचा दगड माझ्या हातात दिला आणि भुकटीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. नव्या दगडाची किंमत पाच महिन्यांच्या पगारातून. कोरायचं ते काम सुटल्यावर. मागच्या खोलीबद्दल काही बोलले नाहीत. आई दिवसभर वाट बघत होती.

भुकटी सरकून बसला. "ये. इथे धूळ फुकट आहे."

शुक्रवार, १४ मार्च.

मामा मला 'तो' म्हणतात. "त्याला सांग, पाटा पूस." मी तीन हातांवर उभा असतो. भुकटी मग माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगतो, "पाटा पूस म्हणे." तिसऱ्या वेळी मामांनाही हसू आलं होतं. दाबलं.

शनिवार, २९ मार्च. संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटं.

झाला! एकट्या 'भ'ला दोन संध्याकाळी लागल्या. श्वास रोखून कोरत होतो, मधेच आठवण झाली की घेत होतो. टवका नाही.

पाणी ओतलं. दगड एका रंगाचा काळा झाला. वरपासून खालपर्यंत एक. पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा ओतायची काही गरज नव्हती, पण ओतलं.

रविवार, ३० मार्च.

दगड बसवला. अर्धी मंडळी कबरस्थानात आली होती. प्रार्थना झाली, पाळकसाहेब निघणार तोच बाई म्हणाल्या, "थांबा जरा." फुलांना घालायची झारी उचलली आणि वरून खालपर्यंत दगडावर रिकामी केली.

कोणीतरी म्हणालं, "काय हो बाई, दगडाला आंघोळ?"

"तपासतेय," बाई म्हणाल्या. आणि वर्गात सांगायच्या त्याच आवाजात सगळं सांगितलं — पहिला दगड, दाणा, मी दारात येऊन काय बोललो. "या मुलाने सांगितलं नसतं तर मी त्या भरणीपुढे आयुष्यभर फुलं ठेवली असती. दहापैकी दहा."

मी बुटांकडे पाहत होतो. डावी नाडी सुटली होती. वर पाहिलं तेव्हा आईची हनुवटी इतकी वर होती की तिला मी दिसत असेन की नाही कुणास ठाऊक. मामा सगळ्यांच्या मागे होते. गीतांचं पुस्तक मिटलेलं, बोट आत.

गुरुवार, ३ एप्रिल.

आज तीन गिऱ्हाइकं आली. तिघांच्याही हातात पाण्याची बाटली! बेकरीवाल्याने तर तयार दगडांवर ओतत ओतत मामांची बाही भिजवली. भुकटी म्हणाला, "मालक, आता छत्र्याही ठेवू विकायला."

बेकरीवाल्याने त्याच्या आईच्या कबरीचा दगड सांगितला. "अक्षरं त्या पाणीवाल्या मुलाच्या हातची पाहिजेत."

मामा बराच वेळ बाही पिळत राहिले. मग स्वतःची छिन्नी — लाकडी मुठीची, कुणाला हात लावू देत नाहीत ती — माझ्यापुढे ठेवली. "पुरे झालं घासणं." सरळ माझ्याशी बोलले. 'तो' नाही.

पगार कारागिराचा. हप्ते कापून.

शुक्रवार, ११ एप्रिल.

काही विशेष नाही. कुलूप तीनदा ओढून पाहिलं.

शनिवार, १२ एप्रिल. सकाळी ९ वाजून १० मिनिटं.

कुलूप उघडं! आत मामा. पँट गुडघ्यापर्यंत ओली, पायाशी रिकामी बादली.

"अकरा," ते म्हणाले. मला कळलं नाही. "उजाडल्यापासून कबरस्थानात होतो. माझ्या हातचे सगळे दगड भिजवून पाहिले. काहींची भरणी गळून गेलीय, काहींची आहे. एकूण अकरा. त्यांच्या घरच्यांकडे आजपासून जातो, एकेकाच्या दारात." मग बादलीकडे बघत म्हणाले, "पहिला तुझ्या मामीचा. ती गेली त्या आठवड्यात कोरला होता, छिन्नी घसरली. तो तू कोर. पाणी मी ओततो."

खर्च: पेन्सिल एक, ५.
देणं, माझं: दगडाचे हप्ते चार.
देणं, आमचं: दगड अकरा.