कपारीतली बाटली

रेमिहिओदादा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

इथे वाळवंटात सरड्यांचं तापमान मोजायचं काम आहे. ऊन चढलं की ते कपारीत शिरतात. अगदीच तापले तर तोंड उघडतात. अंग गार होतं, पण आतलं पाणी जातं.

काल कपारीत हात घातला, तर आईनं शिवलेली जीनची पिशवी लागली. सीमा ओलांडताना हरवलेल्या आपल्या धाकट्या भावाची, फेर्मीनची. आत पाण्याची बाटली, अर्धी भरलेली. शेजारी एक सरडा तोंड मिटून बसला होता.

“पाणी पुरवून पी रे,” असं आईच म्हणाली होती ना? पोरानं पुरवलं, आणि भर दुपारी चालत राहिला. इथवर पोचला तेव्हा प्यायचीही शुद्ध नसेल.

पिशवी आणि बाटली पाठवते. पाणी मी ओतून दिलंय. आईला सांग, सगळं प्याला होता तो.

तुझी,
एउलालिया